माणसांची समता आणि प्राण्यांचे हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राण्यांच्या हक्कांचा विषय निघाला की थोड्याच वेळात कुणीतरी विचारतं, "म्हणजे माणूस आणि जनावर एकच का?" विचारणाऱ्याचा आवाज बहुधा चढलेला असतो, आणि मला तो राग समजतो. माणसं एकमेकांच्या बरोबरीची आहेत हे मान्य व्हायला फार रक्त सांडलं आहे. ते कुणी सैल करू पाहत असेल तर राग यायलाच हवा. गेली काही वर्षं मी या विषयावर एक वाचनगट चालवते. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. विरुद्ध बाजूचं म्हणणं कुठे दडपलेलं नाही, पण माझं मतही लपवलेलं नाही.

हा वाद नेमका कशावर आहे?

दोन विधानांवर. पहिलं, सगळी माणसं समान मोलाची आहेत. दुसरं, प्राण्यांना विनाकारण दुखवणं चूक आहे, आणि ते चूक असण्याचं कारण तो प्राणीच आहे, त्याचा मालक नाही. दोन्ही विधानं वेगवेगळी ऐकली तर बहुतेकांना पटतात. शेजारी शेजारी ठेवली की कुरबूर सुरू होते. पहिल्याचं कारण देताना आपण सहज बोलून जातो की माणूस विचार करतो, बोलतो, म्हणून त्याचं मोल वेगळं. हे कारण धरलं तर प्राणी हिशेबातूनच बाहेर पडतात. उलट वेदना हा निकष धरला, तर माणसाचं वेगळेपण पुसलं जाईल अशी भीती वाटते. ही भीती खरी नाही असं माझं म्हणणं आहे.

माणसं समान आहेत हे कशाच्या जोरावर म्हणायचं? मोजायला बसलं तर दोन माणसंही सारखी निघत नाहीत.

नाहीच निघत. ताकद, बुद्धी, स्मरणशक्ती, चांगुलपणा, काहीही घ्या, माणसामाणसांत जमीन-अस्मानाचं अंतर सापडतं. तरी एकाचा जीव दुसऱ्याच्या जिवापेक्षा स्वस्त नाही असं आपण म्हणतो आणि त्यावर ठाम राहतो. म्हणजे समता हा मोजमापाचा निष्कर्ष नाही.

तिला आधार शोधायचे मोठे प्रयत्न झाले. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये विवेकाकडे बोट दाखवलं: जो स्वतःच स्वतःला नियम घालून घेऊ शकतो, त्याला कुणी नुसतं साधन म्हणून वापरू नये. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये एक सुंदर उपमा दिली. वर्तुळातला प्रत्येक बिंदू सारखाच 'आत' असतो. मध्याजवळचा जास्त आत आणि कडेचा कमी आत असं काही नसतं. तशी, न्याय-अन्यायाची समज एका किमान पातळीपर्यंत असली की पुरे. त्याच्या वर कुणाकडे किती आहे हे विचारायचंच नाही.

उपमा मला फार आवडते, पण वर्तुळ कुठेही काढा, काही माणसं रेघेबाहेर राहतात. तान्ह्या बाळाला पुढे समज येईल म्हणून आत घेता येतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातल्या आजोबांना, पूर्वी समज होती म्हणून घेता येईल. जन्मापासून तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचं काय? त्याला आत घ्यायला 'समज' हे कारण कामाचं नाही. आणि त्याला बाहेर ठेवणारी समता मला नको आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलम म्हणतं की सगळी माणसं जन्मतःच स्वतंत्र आहेत, आणि प्रतिष्ठेने व हक्कांनी समान आहेत. मसुद्याच्या इंग्रजीत तिथे 'सगळे पुरुष' असाही अर्थ निघू शकेल असा शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांनी आग्रह धरून तो बदलून घेतला आणि 'सगळी माणसं' असं निःसंदिग्ध केलं. पुढच्या वाक्यात विवेकाचा उल्लेख येतो, पण हक्क मिळवायची अट म्हणून येत नाही. जन्म पुरेसा आहे. ज्याच्या वाट्याला जगणं आलं आहे, ज्याचं चांगलं किंवा वाईट होऊ शकतं, असं कुणीतरी तिथे आहे, एवढ्यावर हे कलम उभं आहे असं मी वाचते.

प्राणिहक्क आणि प्राणिकल्याण यांत फरक काय?

कल्याणवादी म्हणतो, वापरा, पण हाल करू नका. हक्कवादी म्हणतो, दुसऱ्याला आपल्या सोयीची वस्तू म्हणून वापरणंच चूक. कायदे बहुतेक सगळे पहिल्या प्रकारचे आहेत. गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये केलेला कायदा त्यांतला फार जुना.

एक गोंधळ इथेच निस्तरू या. या चळवळीचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो तत्त्वज्ञ पीटर सिंगर काटेकोर अर्थाने हक्कवादी नाही. तो उपयुक्ततावादी आहे, सुखदुःखाची बेरीज-वजाबाकी करतो. हक्कांचा भक्कम सिद्धांत मांडला तो टॉम रीगन या तत्त्वज्ञाने, १९८३ मध्ये. ज्याला इच्छा आहेत, आठवण आहे, स्वतःच्या उद्याशी काही देणंघेणं आहे, असा प्रत्येक जीव स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे, आणि त्या सगळ्यांचं मोल सारखं, असं रीगन मानतो. निदान वर्षाच्या वरचे सस्तन प्राणी त्यात नक्की येतात, असं तो म्हणतो.

'प्रजातिवाद' हा शब्द कुठून आला? तो खरंच वंशवादासारखा आहे का?

१९७० मध्ये ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड रायडर या मानसशास्त्रज्ञाने एक पत्रक काढलं. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रयोगशाळांत त्याने स्वतः काम केलं होतं. त्या पत्रकात हा शब्द पहिल्यांदा आला: केवळ प्रजाती वेगळी म्हणून एखाद्या जिवाला कमी लेखणं म्हणजे प्रजातिवाद. पाच वर्षांनी सिंगरच्या पुस्तकाने तो जगभर नेला. युक्तिवाद सोपा आहे: कातडीच्या रंगाचा दुखण्याशी संबंध नाही, म्हणून रंगावरून एखाद्याचं दुखणं हलकं मानणं अन्याय. प्रजातीचाही दुखण्याशी तसाच संबंध नाही.

मला यातलं निम्मं पटतं. दुखणं हे दुखणंच, ते कुणाच्या अंगात आहे यावरून खोटं ठरत नाही, इथवर मी सोबत आहे. पण ज्यांना शतकानुशतकं 'जनावर' म्हणून हिणवलं, त्यांच्यासमोर ही तुलना सहजपणे फेकली जाते तेव्हा मला लाज वाटते. वंशवाद माणसांबद्दल खोटं बोलत होता. कोंबडी माणसापेक्षा वेगळी आहे हे मात्र खोटं नाही. तिला मतदानाचा हक्क लागत नाही, पंख पसरायला जागा लागते. सिंगरही हे मान्य करतो: सारखी वागणूक नको, सारखी दखल हवी.

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाचा उलटा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. त्याच्या मते आपण माणसं आहोत, तेव्हा माणसांची बाजू घेणं हा पूर्वग्रह असला तरी लाजिरवाणा नाही, जसं आपल्या माणसांची बाजू घेणं लाजिरवाणं नाही. ठीक आहे, पण आपल्या माणसांची बाजू घेण्यालाही मर्यादा असते. माझ्या मुलाच्या तोंडी आधी घास भरवायचा मला अधिकार आहे. त्यासाठी शेजारच्या मुलाचा हात पिरगाळायचा नाही. प्राण्यांबाबत आपण जे करतो ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतं.

प्राण्यांना वेदना होतात हे कशावरून? ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असेल.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या काळापासून हा आक्षेप आहे. तो प्राण्यांना यंत्रं मानायचा. आता तपासायच्या रीती आहेत.

२००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल टोचलं. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले, अंग डोलवू लागले, बराच वेळ अन्नाला तोंड लावेनात. मॉर्फिन दिल्यावर हे सगळं कमी झालं. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया क्षणात होऊन जाते. तासन्‌तास भूक मारत नाही.

दुसरा प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. शंखात राहणारे खेकडे असतात, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात घर करणारे. रॉबर्ट एलवूड आणि मिरियम ॲपेल यांनी २००९ मध्ये त्यांना शंखात हलका विजेचा झटका दिला. काही खेकडे शंख सोडून बाहेर आले. पण नावडत्या जातीच्या शंखातले जास्त आले, आवडीच्या शंखातले कमी. म्हणजे आत काहीतरी तोललं जात होतं: झटका सोसायचा की चांगलं घर सोडायचं. अशी घासाघीस यंत्राकडून होत नाही.

७ जुलै २०१२ रोजी केंब्रिजमध्ये मेंदूतज्ज्ञांच्या एका गटाने जाहीर केलं की जाणिवेसाठी लागणारी मेंदूतली यंत्रणा सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपससारख्या जीवांतही आहे. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकडे, लॉब्स्टर आणि ऑक्टोपस यांना संवेदनक्षम जीवांत धरलं. कीटकांबद्दलचा शोध अजून चालू आहे.

मग झाडांचं काय?

झाडं इजेला प्रतिसाद देतात. पण त्यांना मज्जासंस्था नाही, आणि त्यांच्या आत सोसणारं कुणी आहे याचा पुरावा नाही. शिवाय ज्याला खरोखर झाडांचीच काळजी असेल त्याने हे लक्षात घ्यावं, की पाळीव जनावरं पोसायला थेट खाण्यापेक्षा कितीतरी जास्त वनस्पती लागतात.

तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांची प्राण्यांशी तुलना का केली जाते? ऐकवत नाही.

मलाही ऐकवत नाही. माझी धाकटी बहीण बोलत नाही. तिशी ओलांडली आहे, पण भूक लागली हे ती शब्दांत सांगू शकत नाही. मी घरात शिरले की चपला काढायच्या आवाजावरून तिला कळतं, आणि ती पलंगाच्या कडेवर तळवा आपटायला लागते. एकदा वाचनगटात एक सभ्य, हुशार गृहस्थ म्हणाले, "अमुक क्षमता नसलेला माणूस आणि कुत्रा यांच्यात नैतिक फरक दाखवा." ते कुणाला उद्देशून बोलत नव्हते. माझ्या हातातलं पुस्तक मी मिटलं.

तरी हा युक्तिवाद आहे तरी काय, ते नीट सांगते. प्राण्यांना नैतिक जगाबाहेर ठेवायचं कारण 'बुद्धी नाही' हे असेल, तर तेवढीच बुद्धी असलेल्या माणसांनाही बाहेर ठेवावं लागेल. तसं आपण करत नाही. मग बुद्धी हे कारण खरं नाही. एवढंच म्हणायचं असेल तर युक्तिवाद बरोबर आहे, आणि तो माझ्या बहिणीच्या बाजूचा आहे. त्याची दुसरी टोकाची आवृत्ती मात्र उलटी चालते: बुद्धी हेच मोजमाप धरते आणि म्हणते, मग अशा माणसांचं मोल थोडं कमीच. सिंगरच्या काही मतांत ही छटा आहे. २००२ मध्ये प्रिन्स्टनमध्ये हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन त्याच्यासमोर उभी राहिली. स्वतः जन्मापासून स्नायूंच्या आजाराने व्हीलचेअरवर असलेली ती वकील, अपंग मुलांच्या जिवाला कमी लेखू नका म्हणून भांडली. इव्हा किटे ही तत्त्वज्ञ, जिची मुलगी तीव्र बौद्धिक अपंगत्वासह जगते, तिने तर तुलनेचीच भाषा नाकारली. तिच्या म्हणण्याप्रमाणे माणसाचं मोल त्याच्या अंगच्या गुणांच्या यादीत शोधायचंच नसतं, नात्यातही ते असतं. तो कुणाचं तरी लेकरू असतो.

किटेचं मला जवळजवळ सगळं पटतं. फक्त नातं ही एकमेव गोष्ट धरली तर ज्याला कुणीच नाही त्याचं काय, हा प्रश्न उरतो.

सुनौरा टेलर ही लेखिका आणि चित्रकार स्वतः जन्मजात सांध्यांच्या व्याधीसह जगते आणि प्राण्यांच्या बाजूने लिहिते. तिचं म्हणणं असं की अपंग माणूस आणि प्राणी दोघांनाही 'सक्षम' माणसाच्या फुटपट्टीने मोजून खाली ढकललं जातं, तेव्हा फुटपट्टीच टाकून द्या. मी तिच्या सोबत आहे. बहिणीला हक्क आहेत ते ती कुत्र्यापेक्षा हुशार आहे म्हणून नाहीत. त्यामुळे कुत्र्याला काही मिळालं म्हणून तिचं काही जातही नाही.

एक विनंती. हा युक्तिवाद करायचा असेल तर समोर कोण बसलं आहे ते पाहून करा.

प्राणी कर्तव्यं पाळत नाहीत. मग त्यांना हक्क कसे?

तान्हं बाळही पाळत नाही. हक्क आणि कर्तव्य समाजात जोडीने चालतात हे खरं, पण प्रत्येक माणसात ती जोडीने असावीच लागतात असं नाही. ज्याला जबाबदारी कळते त्याच्यावर कर्तव्य येतं, आणि ज्याचं भलंबुरं होऊ शकतं त्याला संरक्षण मिळतं.

कार्ल कोहेन या तत्त्वज्ञाने १९८६ मध्ये याला उत्तर दिलं होतं: बाळ कर्तव्य पाळत नसलं तरी ते ज्या प्रजातीचं आहे ती प्रजाती पाळते, म्हणून हक्क त्या साऱ्या प्रजातीचे. यात अडचण अशी, की मग व्यक्ती कुठे राहिली? हक्क व्यक्तीला असतात असं आपण इतर सगळीकडे म्हणतो, आणि नेमकं इथे गटाचा दाखला काढतो.

शिवाय प्राण्यांत दुसऱ्याची पर्वा अजिबात नसते असं समजू नका. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्यूल्स मॅसरमन यांच्या प्रयोगात ऱ्हीसस माकडांना दोनपैकी कुठलीही साखळी ओढली की खाणं मिळे. मग त्यांतली एक साखळी अशी जोडली, की ती ओढली की समोरच्या माकडाला विजेचा झटका बसे. बऱ्याच माकडांनी ती साखळी सोडून दिली. एकाने पाच दिवस, एकाने बारा दिवस दोन्हीपैकी एकही साखळी ओढली नाही. ती उपाशी राहिली. हा प्रयोग वाचताना मला माकडाचं कौतुक वाटलं आणि प्रयोग करणाऱ्यांबद्दल मनात एक प्रश्न राहिला, तो अजून गेलेला नाही.

वाघ हरणाला मारतोच की.

मारतो. त्याला दुसरा पर्याय नाही आणि चूक-बरोबर ठरवायची ताकद नाही. आपल्याला दोन्ही आहे. आपण इतर कुठल्या बाबतीत वाघाचं वागणं प्रमाण मानतो?

प्राण्यांना हक्क दिले तर माणसाची किंमत घसरणार नाही का?

हा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. इतिहासात त्याला दोन्ही बाजूंचे दाखले आहेत.

नाझी राजवटीने २४ नोव्हेंबर १९३३ रोजी प्राणिसंरक्षणाचा कायदा केला. त्या काळाच्या मानाने तो कडक होता. त्याच राजवटीने १९४२ मध्ये ज्यूंना पाळीव प्राणी ठेवायलाही बंदी केली, आणि ज्यूंच्या कत्तली चालवल्या. प्राण्यांबद्दलची कळकळ माणसाला आपोआप माणुसकी शिकवत नाही, हे यातून स्वच्छ दिसतं. जी चळवळ माणसांच्या समतेकडे डोळेझाक करते तिला मी माझी मानत नाही.

पण त्या राजवटीने माणसांना मारताना काय म्हटलं तेही पाहा. ती त्यांना उंदीर म्हणाली, कीड म्हणाली. ही शिवी चालते कधी? 'जनावर' या शब्दातच 'याचं काहीही केलं तरी चालतं' असा अर्थ आपण भरून ठेवलेला असतो तेव्हा. माणसाला त्या खड्ड्यात ढकलता येतं, कारण खड्डा आधीच खणून ठेवलेला असतो. किंबर्ली कॉस्टेलो आणि गॉर्डन हॉडसन यांनी २०१० मध्ये कॅनडात हे तपासलं. प्राणी माणसासारखे आहेत असा मजकूर वाचलेल्या लोकांनी स्थलांतरितांना जास्त माणूसपण बहाल केलं. मूळचे जास्त पूर्वग्रह असलेल्यांतही हा परिणाम दिसला. म्हणजे प्राण्यांचं स्थान वर नेल्याने माणूस खाली येत नाही, एवढं तरी म्हणायला जागा आहे.

एक जुनी गोष्ट. १७९२ मध्ये मेरी वोल्स्टनक्राफ्टने स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडली, तेव्हा थॉमस टेलर नावाच्या विद्वानाने त्याच वर्षी निनावी पुस्तिका काढून तिची टर उडवली: स्त्रियांना हक्क, तर मग जनावरांना का नाहीत? त्याला वाटलं होतं की एवढं म्हटलं की वाद संपेल.

माणसांचेच प्रश्न सुटलेले नाहीत. आधी ते सोडवू या का?

ज्यांनी माणसांचे प्रश्न सोडवले त्यांनी अशी रांग लावली नाही. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचलेला विल्यम विल्बरफोर्स १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध पहिली संस्था स्थापन करणाऱ्यांत होता.

आणि १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन ही सुमारे दहा वर्षांची मुलगी मिळाली. पालक म्हणवणारी बाई तिला रोज मारायची. चेहऱ्यावर कात्रीची जखम होती. तिच्यासाठी धावपळ करणारी एटा व्हीलर दारोदार फिरली आणि शेवटी हेन्री बर्ग यांच्याकडे गेली. बर्ग प्राणिसंरक्षण संस्थेचे संस्थापक होते. त्यांच्या वकिलाने खटला उभा केला, मुलीला घोंगडीत गुंडाळून कोर्टात आणलं. या प्रकरणातून मुलांवरच्या क्रौर्याविरुद्धची संस्था उभी राहिली. 'मुलीला प्राण्यांच्या कायद्याखाली वाचवलं' असं हल्ली सांगतात, ते खरं नाही. वकिलाने हेबियस कॉर्पस वापरलं, म्हणजे डांबून ठेवलेल्याला कोर्टापुढे आणण्याचा जुना माणसांचाच उपाय. फक्त तो वापरायला पुढे आले ते प्राण्यांसाठी झगडणारे लोक.

जळत्या घरात एक मूल आणि एक कुत्रा आहे. कुणाला वाचवाल?

मुलाला, आणि क्षणभरही थांबणार नाही. टॉम रीगनसारखा कट्टर हक्कवादीही हेच म्हणतो. बुडत्या होडीत चार माणसं आणि एक कुत्रा असेल आणि एकाला टाकावंच लागलं, तर कुत्र्याला टाका, असं त्याने लिहिलं आहे. दहा लाख कुत्री असली तरी, असंही.

पण या उत्तरातून लोक जे काढू पाहतात ते निघत नाही. दोन अनोळखी माणसं आणि माझी बहीण अशी निवड आली तर मी बहिणीलाच ओढीन. म्हणून त्या दोघांवर प्रयोग करायचा, त्यांना पिंजऱ्यात ठेवायचा हक्क मला मिळतो का? आगीतली निवड ही आगीपुरती असते, आणि आपलं घर रोज जळत नसतं.

औषधांसाठी प्राण्यांवर प्रयोग करावे लागतात. त्याचं काय?

इथे माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे आहे त्याने प्रश्न पुरता पाहिलेला नाही असं मला वाटतं.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांचं स्वादुपिंड काढलं, त्यांना मधुमेह होऊ दिला, मग स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजे पुढे ज्याला इन्सुलिन म्हटलं तो, टोचून रक्तातली साखर उतरते का ते पाहिलं. बरीच कुत्री मेली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मधुमेही मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही, अंगावर प्रतिक्रिया उठली. अर्क अधिक शुद्ध करून २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि साखर उतरली. मरायला टेकलेला तो मुलगा पुढे १३ वर्षं जगला. त्याच्या आईला जाऊन 'हे करायला नको होतं' असं मी सांगू शकत नाही. त्या कुत्र्यांच्या बाजूने विचार केला तर 'ठीकच झालं' असंही म्हणवत नाही.

माणसांच्या समतेशी या प्रयोगांचं नातं दिसतं त्याहून जवळचं आहे. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये जी न्यूरेंबर्ग संहिता आली, तिने संमतीशिवाय माणसावर प्रयोग करायला मनाई केली. तिच्याच तिसऱ्या कलमात म्हटलं आहे की माणसावरच्या प्रयोगाला आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आधार असावा. माणसाभोवती उभी केलेली ही भिंत अशी प्राण्यांच्या अंगावर टेकवलेली होती. त्या क्षणी ते समजण्यासारखं आहे. ते कायमचं तसंच राहावं असं मात्र नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी तीन मागण्या मांडल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरा, संख्या घटवा, हाल कमी करा. युरोपीय संघाने २०१३ पासून प्राण्यांवर तपासलेली सौंदर्यप्रसाधनं विकायला बंदी केली. अमेरिकेत २०२२ च्या अखेरीस नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी कायद्याने सक्तीची राहिली नाही. लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यात रसायन घालणं आणि इन्सुलिन शोधणं एकाच पारड्यात बसत नाही. दुसऱ्याचं नाव पुढे करून पहिलं चालवणाऱ्यांचं मी कधीच ऐकून घेत नाही.

प्राणी कायद्याने 'व्यक्ती' होऊ शकतो का?

काही ठिकाणी झाला आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातल्या मेंडोसा इथल्या न्यायाधीशांनी सेसिलिया या चिंपांझीला हक्क असलेली, मानवेतर व्यक्ती ठरवलं. प्राणिसंग्रहालयातून तिला पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या अभयारण्यात हलवलं.

न्यूयॉर्कमधल्या प्राणिसंग्रहालयातली हॅपी ही हत्तीण मात्र खटला हरली. २००५ मध्ये तिच्यासमोर मोठा आरसा ठेवला होता. तिच्या डोळ्याच्या वर पांढरी फुली काढलेली होती. आरशात पाहून तिने सोंडेने स्वतःच्या डोक्यावरची ती फुली पुन्हा पुन्हा चाचपली. आरशात दिसतो तो दुसरा हत्ती नव्हे, हे तिला कळत होतं. तिच्या सुटकेसाठीही हेबियस कॉर्पसच मागितलं गेलं, मेरी एलनसाठी वापरलं होतं तेच. १४ जून २०२२ रोजी राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ५ विरुद्ध २ मतांनी नकार दिला: हा उपाय माणसांसाठी आहे. दोन न्यायाधीशांनी सविस्तर विरोधी मत लिहिलं.

मला स्वतःला 'व्यक्ती' या शब्दाचा हट्ट नाही. कंपनीही कायद्याने व्यक्ती असते, आणि तिला दुखत नाही. हॅपीला तो पिंजरा सोडता आला असता तर शब्द कुठलाही चालला असता.

मी प्राण्यांना माणसाच्या बरोबरीचं मानत नाही. तरी मला काही बदलायला हवं का?

हो. बरोबरीचा प्रश्न न सोडवताही बरंच दिसतं. जगात दरवर्षी अन्नासाठी जमिनीवरचे सुमारे ८,००० कोटी प्राणी मारले जातात, त्यांतल्या बहुसंख्य कोंबड्या. त्यांचं मोल माणसाच्या हजाराव्या हिश्शाइतकं धरा, हवं तर त्याहून कमी धरा. शून्य धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

आणि शून्य धरणं किती कठीण आहे ते पाहायचं तर एक करा. युरोपीय संघात अंड्यांसाठीच्या कोंबड्यांचे साधे पिंजरे २०१२ मध्ये बंद झाले, तोवर नियमाप्रमाणे एका कोंबडीला किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा द्यायची होती. इतर बऱ्याच देशांत असे पिंजरे अजून आहेत. ए-फोर आकाराचा कोरा कागद घ्या. तो ६२० चौरस सेंटिमीटरहून थोडा मोठा असतो. एका टोकाची दोन बोटं रुंदीची पट्टी कमी होईल असा दुमडा आणि टेबलावर ठेवा. कोंबडीला एक पंख पसरायलाही त्यात जागा पुरत नाही. धुळीत लोळून अंग घासायची तिची ओढ इतकी तीव्र असते, की धूळ नसलेल्या तारेच्या जाळीवरही ती लोळण्याच्या हालचाली करत राहते. ती त्या कागदाएवढ्या जागेत वर्षभर किंवा त्याहून जास्त उभी असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तशाच दुसऱ्या.